अंगणांतील दुर्बीण

कित्येक पालक विचारतात, "गुरुग्रहाचें सुरेख छायाचित्र पुस्तकांत असतां मुलानें दुर्बिणीशीं रात्र कां जागवावी?" उत्तर असें कीं, तें दुसऱ्यानें पाहिलेलें असतें. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचीं छायाचित्रें घेण्यास प्रोफेसर नायगांववाला पुण्याहून साधनें घेऊन स्वतः जेऊरास गेले होते.

अमरावती-अकोल्याकडे दिवसा तापलेली जमीन रात्रीं निवतांना हवा थरथरते व चित्र धूसर येतें. म्हणून शेंकडों चित्रें घेऊन त्यांतील स्पष्ट तेवढीं एकावर एक जुळवावीं लागतात. ओळीनें तीन रात्री असें केलें कीं गुरूचे चार मोठे चंद्र जागा बदलतात, हें मुलास स्वतःच कळतें; १६१० सालीं गॅलिलिओस हेंच कळलें होतें. पालकहो, त्या धूसर चित्रास हसूं नका. तें मुलानें स्वतः मिळविलेलें ज्ञान आहे.