शुश्रूषा म्हणजे आधी ऐकणे

आजाऱ्याची सेवा करण्याला आपण ‘शुश्रूषा’ म्हणतो. अंग पुसणे, औषध देणे, पेज भरवणे, हे सगळे त्यात आले. पण संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ आहे ‘ऐकण्याची इच्छा’. ताप किती आहे ते थर्मामीटर सांगतो. मनाच्या आजारात तसे यंत्र नाही. तिथे माणूस काय बोलतो, कसा झोपतो, कशाला घाबरतो, यावरूनच सगळे कळते. म्हणून मनोरुग्णांच्या परिचर्येतले पाच-सहा शब्द प्रत्येक घराला माहीत हवेत. ‘वेड लागलं’ या दोन शब्दांत सगळे गुंडाळले, की उपचाराची वाट तिथेच बंद होते.

भास आणि भ्रम

हे दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते वेगळे आहेत. खोलीत कोणी नसताना आवाज ऐकू येणे हा भास. तो कानाचा, डोळ्यांचा, नाकाचा, त्वचेचाही असू शकतो. ‘शेजारी माझ्या जेवणात विष कालवतात’ अशी पक्की खात्री, जी कितीही समजावले तरी हलत नाही, तो भ्रम. भास इंद्रियांना होतो, भ्रम विचारात असतो. मात्र साऱ्या समाजाची जी श्रद्धा असते, तिला भ्रम म्हणत नाहीत.

अशा वेळी घरचे लोक दोन गोष्टी करतात. वाद घालतात, नाहीतर ‘हो हो, मलाही ऐकू येतंय’ म्हणून वेळ मारून नेतात. शिकलेली परिचारिका दोन्ही टाळते. ती म्हणते, ‘मला तो आवाज येत नाही. पण तुम्हाला येतोय आणि त्याची भीती वाटतेय, हे मला कळतंय.’ खोटे बोलणे नाही, खोटे पाडणेही नाही. मग ती विचारते, आवाज काय सांगतो? स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आजाराची जाण

‘मला काही झालेलं नाही, गोळ्या तुम्हीच घ्या.’ हे वाक्य ऐकून घरचे चिडतात. पण आपण आजारी आहोत हे न कळणे हा पुष्कळदा आजाराचाच भाग असतो, हट्ट नव्हे. तेव्हा ‘तू आजारी आहेस’ हे पटवत बसू नये. ‘चार रात्री झोप नाही तुला, त्यासाठी तरी दाखवू या’ असे म्हणावे. जो त्रास त्याला स्वतःला जाणवतो, तिथूनच सुरुवात होते.

सहानुभूती आणि समानुभूती

‘बिचारा!’ ही सहानुभूती. त्याच्या जागी जाऊन त्याला कसे वाटत असेल ते समजून घेणे आणि तरीही आपले भान न सोडणे ही समानुभूती. अमेरिकेतल्या परिचारिका हिल्डेगार्ड पेप्लॉ यांनी १९५२ साली आपल्या पुस्तकात मांडले, की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले नाते हाच उपचाराचा गाभा आहे. आज मनोरुग्ण परिचर्येचे शिक्षण याच विचारावर उभे आहे.

नोंद

‘आज बरा नव्हता’ ही नोंद नव्हे. ‘रात्री दोन तास झोपला, दुपारी जेवला नाही, एकटाच पुटपुटत होता’ ही नोंद. आपल्या तंजावरला हे नवे नाही. सरफोजीराजांच्या (१७७७–१८३२) काळात इथे डोळ्यांचे उपचार होत, आणि त्या रुग्णांच्या चित्रांसह ठेवलेल्या नोंदी सरस्वती महालात अजून आहेत. घरातली शंभर पानी वही आणि रोजच्या चार ओळी एवढे आपल्यालाही जमते. आजार उलटण्याआधी बहुधा झोप बिघडते, माणूस आंघोळ टाळतो, दार लावून बसतो. वहीत ते आधी दिसते. आजार उलटण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे ‘आता बरं वाटतंय’ म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबवणे.

बंधन

तंजावरच्या दक्षिणेला, रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा जीव गेला. बहुतेकांना घरच्यांनीच तिथे ठेवले होते, बरे होतील या आशेने.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधणे पूर्णपणे बंद केले. रुग्णालयातही रुग्णाला आवरून धरायचे, तर तात्काळ धोका टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि लागेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून किंवा माणसे कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवावे लागते. आपला माणूस दाखल असेल, तर हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

सेवा करणाऱ्याचा थकवा

सेवा करणारी आई, बायको किंवा भाऊही थकतो. चिडचिड होते, मग त्या चिडचिडीची लाज वाटते. हा थकवा खरा आहे, त्यात प्रेम कमी पडल्याची खूण नाही. आठवड्यातली एक दुपार दुसऱ्या कोणी सांभाळावी. नातेवाइकांनी ‘कसा आहे तो?’ एवढेच न विचारता ‘तू जेवलीस का?’ हेही विचारावे.

कोणी ‘जगण्यात अर्थ नाही’ म्हणाले, तर विषय बदलू नका. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो, तमिळमध्येही आणि मराठीतही बोलता येते. आजच फोनमध्ये साठवून ठेवा.