कोयता निघाला की बाळाचं दूध तुटतं

दिवाळी सरली की बीड, पाथर्डीकडचे ऊसतोड मजूर कारखान्यांकडे निघतात. काही लेकरं आजीजवळ मागे राहतात. मग निघायच्या तोंडावर कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा आणि अंगावरचं दूध एकदम तोडायचं, असंच चालतं.

सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे वरच्या खाण्यासोबत दोन वर्षांपर्यंत पाजावं, असं अंगणवाडीत सांगतात. इथं मात्र दुधाच्या जागी चहा-बिस्कीट येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या 6 ते 23 महिन्यांच्या शंभर बाळांपैकी जेमतेम 11 जणांना पुरेसा आहार मिळत होता.

यात दोष आईचा नाही. नोकरदार बाईला कायद्याने 26 आठवडे पगारी रजा आहे. उचल घेतलेल्या बाईचा एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात.

दूध सोडवायचंच असेल तर महिनाभर आधीपासून एकेक वेळ कमी करावी. घट्ट वरण-भात, खिचडी, अंडं सुरू करावं. मागे राहिलेल्या बाळाचा अंगणवाडीचा शिधा आजीने न चुकता आणावा. बाळ सोबत नेलं तर तिथल्या अंगणवाडीत नाव घालावं.

पण फडाजवळ पाळणाघर झाल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही. ते कारखान्यांनी आणि सरकारनेच करायचं आहे.