पायपेटीवर आकाश वाजवता येतं



दिवाळी झाली की आपल्याकडे मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक ठरलेलंच. साकोली, लाखांदूरकडच्या मुलांना झाडीपट्टीच्या नाटकातला ऑर्गन काही नवा नाही. पण त्या ऑर्गनचा आणि विज्ञानाच्या पुस्तकातल्या ग्रहमालेचा संबंध आहे, हे आपण त्यांना कधी सांगतो का? माझं स्पष्ट मत आहे की सांगायला हवं. एवढ्यावर न थांबता मुलांना आकाशावर एखादी चाल बांधायलाही लावायला हवी.

'अवकाशाचं संगीत' म्हटलं की मुलांना मोबाइलवरच्या सिनेमातले घूंऽऽ असे आवाज आठवतात. खरं तर ध्वनीला माध्यम लागतं आणि अवकाशात जवळपास निर्वात पोकळी. म्हणजे तिथला आवाज ऐकून त्याची नक्कल करणं शक्यच नाही. मग संगीतकार आकाशातून घेतो काय? तो घेतो गती, अंतर आणि गुणोत्तर.

योहानेस केप्लरने १६१९ साली नेमकं हेच केलं. सूर्याजवळ असताना ग्रह वेगाने फिरतो, दूर गेला की मंदावतो. या दोन वेगांचं गुणोत्तर काढून त्याने प्रत्येक ग्रहाला सूर दिले. मंगळाचं गुणोत्तर आलं साधारण २:३, म्हणजे आपला सा आणि प. पृथ्वीचं आलं १५:१६, म्हणजे सा आणि कोमल रे. ग्रह खरोखर गातात असं विज्ञान मानत नाही, हे मुलांना सांगायलाच हवं. पण ग्रहगतीचा तिसरा नियम केप्लरने याच पुस्तकात मांडला, आणि तो आजही आपण शिकवतो. कल्पना कुठे संपते आणि नियम कुठे सुरू होतो, हे ओळखायला शिकवणं हाच तर विज्ञानाचा धडा!

दुसरं उदाहरण विल्यम हर्शेलचं. हा इंग्लंडमधल्या बाथ शहरात चॅपलचा ऑर्गनवादक होता, संगीतरचनाही करायचा. संगीतशास्त्राचं पुस्तक वाचता वाचता तो त्याच लेखकाच्या प्रकाशशास्त्राच्या पुस्तकाकडे वळला. मग स्वतः आरसे घासून दुर्बिणी बनवल्या आणि १३ मार्च १७८१ रोजी त्याला युरेनस सापडला. त्याची बहीण कॅरोलिन गायिका होती, तिने पुढे आठ धूमकेतू शोधले. "पेटी वाजवून अभ्यास बुडतो" म्हणणाऱ्या पालकांनी या भावंडांचा जरूर विचार करावा.

आता वर्गात काय करता येईल ते सांगतो. गुरूचे तीन उपग्रह घ्या. आयो गुरूभोवती सुमारे १.७७ दिवसांत फिरतो, युरोपा ३.५५ दिवसांत, गॅनिमीड ७.१५ दिवसांत. मुलांनाच भागाकार करू द्या. प्रत्येक वेळी उत्तर जवळपास दोन! आणि कंपनं दुप्पट झाली की सूर एक सप्तक वर जातो. म्हणजे गॅनिमीड मंद्र सा, युरोपा मध्य सा, आयो तार सा. तीन मुलं पेटीशी बसवा. गॅनिमीडवाल्याने एकदा सूर दाबला की तेवढ्या वेळात युरोपावाल्याने दोनदा, आयोवाल्याने चारदा दाबायचा. गुणोत्तर, सप्तक आणि लय एकाच तासात हाताखालून जातात.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पोरांना ऑर्गनची अवघड रचना कशी जमेल? बोटं भरभर फिरवणं ही नंतरची गोष्ट आहे हो. तीन वेगवेगळ्या गती एकाच वेळी सांभाळणं, हीच मोठ्या वादकाची खरी कसोटी. ती वरच्या तीन सुरांतही आहे. गावातल्या किंवा जवळच्या ऑर्गनवादकाला एक दिवस शाळेत बोलवा. हंगामात रात्र रात्र नाटकाला साथ करणारा हा कलाकार मुलांच्या तीन सुरांची चाल कशी फुलवतो ते त्यांना ऐकू द्या. आपण त्याला नाटकाच्या रात्री टाळ्या देतो. शाळेत गुरुजीचा मानही द्यायला हवा.

आणि आकाशाशी आपलं नातं काही उसनं नाही. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांवर जगभरच्या संगीताची सोनेरी तबकडी आहे. तिच्यात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. भैरवीत कोमल रे असतो. केप्लरने पृथ्वीला दिलेला सूरही तोच. योगायोगच म्हणा, पण वर्गात सांगून बघा, मुलांचे डोळे कसे चमकतात ते.

येत्या हंगामात एक तास यासाठी काढा. पालकहो, मूल घरी पेटीवर तीनच सूर पुन्हा पुन्हा वाजवत बसलं तर "बंद कर ते" म्हणू नका. आधी विचारा, "यातला गॅनिमीड कोणता रे?"