उंदरांचे ऋण

परवा नववीच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, उंदराला मुद्दाम कर्करोग देणे हे पाप नाही का?" प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. म्हणून उत्तर पालकांसमोरही मांडतो.

कर्करोगाचा रुग्ण खंगत जातो. घरचे म्हणतात, 'जेवत नाही, म्हणून असे झाले.' माझ्या काकांच्या आजारात आम्हीही तेच म्हणालो. काकू रोज पेज, शिरा, मुगाचे कढण करीत. वजन उतरतच गेले आणि बोल मात्र त्यांच्या स्वयंपाकाला लागला.

या खंगण्याला वैद्यकात 'कॅकेक्सिया' म्हणतात. भूक मंदावते हे खरे, पण कारण तेवढेच नाही. हे दाखवून दिले उंदरांनी. 'मॅक-१६' नावाची गाठ वाढवलेले उंदीर नेहमीइतके खाऊनही झिजत. २०१० साली 'सेल' या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात स्नायू झिजवणारा रासायनिक संदेश अडवला. गाठ वाढतच राहिली, तरी उंदरांचे स्नायू पुन्हा भरले आणि ते जास्त दिवस जगले. म्हणजे झीज हा स्वतःच एक घातक आजार आहे. हे आधी माणसावर करून पाहणे कोणालाच मान्य झाले नसते.

मात्र उंदीर म्हणजे माणूस नव्हे. त्याची गाठ काही आठवड्यांत वाढते. माणसाचे दुखणे महिनोन्‌महिने चालते, शिवाय वय आणि किमोथेरपीचा भार असतो. 'टीएनएफ' हे द्रव्य रोखण्याच्या उपायाने प्राण्यांमध्ये आशा दाखवली, रुग्णांमध्ये तो फसला. उलट 'जीडीएफ-१५' रोखणाऱ्या औषधाने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या १८७ रुग्णांच्या चाचणीत १२ आठवड्यांत वजन वाढले.

म्हणून माझे मत असे: हे प्रयोग व्हावेत, पण रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली सांगितलेली त्रिसूत्री पाळूनच. पर्याय असेल तर प्राणी नको; लागलाच तर कमीत कमी संख्या आणि कमीत कमी वेदना. याच कसोटीवर शाळेत बेडूक कापणे मला पटत नाही. त्यातून नवे काही कळत नाही, चित्र आणि प्रतिकृती पुरतात.

त्या विद्यार्थिनीला एवढेच सांगेन: बाळ, तुझा प्रश्न जपून ठेव, उद्या प्रयोगशाळेत गेलीस तर तो लागेल. आणि पालकहो, घरात असा रुग्ण असेल तर खंगणे डॉक्टरांच्या कानावर लवकर घाला. रांधणाऱ्या बाईला दोष देऊ नका. काकूंना हे सांगायला मला फार उशीर झाला.