‘माहेर अज्ञात’

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापावयाचा असल्याने एक छापील तक्ता मजकडे आला. मी सरकारी कारकून. रकाने भरणे हा माझा धंदाच. पुरुषाचे शिक्षण, हुद्दा, बदलीची गावे यांस ऐसपैस जागा. पत्नीस अर्धी ओळ. जुन्या आवृत्तीत खापरपणजीची नोंद पाहिली : ‘भार्या लक्ष्मी, माहेर अज्ञात.’ लक्ष्मी हे नावही बहुधा सासरचेच, लग्नात तांदळांत लिहिलेले. मग ती मूळची कोण?

यावर ठरलेले उत्तर येते, ‘साधने नाहीत.’ मला हे मान्य नाही. पेशवेकालीन कागद पाहावेत. विकल्या गेलेल्या कुणबिणींची नावे, वय आणि किंमत तेथे आढळतात. बदकर्माबद्दल शिक्षा झालेल्या बायकांचीही नावे आढळतात. जिच्यापायी पैशाची देवघेव झाली, तिचे नाव कारकुनाने टिपले. जी निमूटपणे नांदली, तिचे कुळ विचारावेसे कोणास वाटले नाही. लेखणी होती, कारकूनही होता. आस्था तेवढी नव्हती.

अमेरिकेतील मेन प्रांतात मार्था बॅलार्ड ही सुईण १७८५ पासून १८१२ पर्यंत रोजनिशी लिहीत होती. पूर्वीच्या इतिहासकारांनी ती क्षुल्लक मानली. लॉरेल थॅचर अल्रिच या विदुषीने ती इतर कागदांशी ताडून १९९० साली ग्रंथ सिद्ध केला. त्यास १९९१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आमच्या आज्यांनी रोजनिशा लिहिल्या नाहीत, हे खरे. परंतु नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, लेकीस चोळीबांगडीसाठी दिलेल्या जमिनींचे कागद आहेत, माहेरच्या घराण्यांचे कुलवृत्तांतही आहेत. ते ताडून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले? महालयात माता, पितामही, प्रपितामही यांचा नामोच्चार करावयाचा आणि छापताना त्यांसच अर्ध्या ओळीत कोंबावयाचे, ही कसली कुलभक्ती?

वाचकहो, आपणही परमुलखात आहात. असे तक्ते आपणांकडेही येत असतील. ते भरण्यापूर्वी घरातील वृद्ध स्त्रीस तिचे माहेरचे नाव, आईचे नाव, आजोळचे गाव विचारून घ्यावे. ती गेल्यावर कोणतेही दफ्तर तिच्याइतके सांगणार नाही.

मी माझ्या तक्त्यास दोन पानांचे जोडपत्र लावून तो परत धाडला आहे. मात्र माझ्या आईचे माहेरचे नाव मला पत्राने विचारून घ्यावे लागले, हे येथे कबूल करतो.