भोंगा बाजारपेठेत, दरड वाडीवर

जुलै सरत आला की महाड तालुक्यात एकामागून एक स्मरणदिन येतात. २२ तारखेला तळीये. २५ आणि २६ला जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. ऑगस्ट लागताच २ तारखेला सावित्रीचा पूल. फलक लागतात, हार चढतात, पुढारी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात. पाऊस मात्र चालूच असतो आणि डोंगराखालच्या वाड्यांत त्या रात्रीही माणसं झोपलेली असतात. म्हणून या आठवड्यात श्रद्धांजलीबरोबर थोडा हिशोबही मांडायला हवा.

महाडला पूर नवा नाही. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते आणि पोलादपूरच्या दऱ्यांतून उतरत महाडला येते. काळ आणि गांधारी या नद्या याच परिसरात तिला मिळतात. समोरून बाणकोटच्या खाडीतली भरती वर चढते, ती महाडपर्यंत. याच भरतीवर दासगावचं बंदर चालायचं. डिसेंबर १९२७च्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. आंबेडकर बोटीने दासगावलाच उतरले होते. ज्या पाण्याने महाडला पेठ दिली, तेच डोंगराचं पाणी अडवून धरतं आणि पेठ बुडवतं. त्यात पात्रात साचलेला गाळ, झाडोरा माजलेली बेटं आणि दासगावजवळचा कोकण रेल्वेचा भराव. भरावाबद्दल महाडकर वर्षानुवर्षं बोलत आले आहेत.

बाजारपेठेला पूर पाठ आहे. संततधार लागली की दुकानदार आधी कालनिर्णय पाहतो: अमावास्या-पौर्णिमा किती दूर, उधाण कधी. मग माणूस पाठवून विचारतो, गांधारीला किती आलंय? दस्तुरी नाक्यावर पाणी आलं, सुकट गल्लीत शिरलं की साखरेची-तांदळाची पोती माळ्यावर चढतात, वह्या-पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वजनकाटा सर्वांत वर. नगरपालिकेचा भोंगा झाला की शटर खाली. हे शिक्षण कोणत्याही आपत्ती व्यवस्थापन कक्षाने दिलेलं नाही. कित्येक पावसाळ्यांच्या नुकसानीतून ते आलेलं आहे, आणि म्हणूनच ते पक्कं आहे.

पण २२ जुलै २०२१ला तेही अपुरं पडलं. महाबळेश्वरात एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि गुरुपौर्णिमा दोनच दिवसांवर होती. माळ्यावर चढवलेला मालही भिजला. साऱ्या महाराष्ट्राच्या नजरा बुडालेल्या महाडवर खिळल्या असताना, त्याच दुपारी तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला. वीज नव्हती, मोबाइल बंद, रस्ते पाण्याखाली किंवा दरडीखाली. मोठी मदत पोचायला दुसरा दिवस उजाडावा लागला. ८०हून अधिक माणसं गेली. शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही तोच दिवस, तोच प्रकार. त्याआधी २००५च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या चार गावांत मिळून जवळपास २०० जीव गेले होते. पुराने महाडची संपत्ती वारंवार नेली. माणसं मात्र मुख्यतः दरडींनी नेली. आपला बंदोबस्त नेमका याच्या उलट आहे.

गाळ काढायला पोकलेन आले, पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी महाडला तळ ठोकू लागली. हे व्हायलाच हवं होतं. पण बाजारपेठेला व्यापारी संघटना आहे, आवाज आहे. वाडीला काय आहे? मेअखेरीस येणारी तहसील कार्यालयाची नोटीस: आपले घर दरडप्रवण क्षेत्रात असल्याने सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे. सुरक्षित स्थळ म्हणजे बहुतेकदा शाळेची खोली. त्या खोलीत दोन म्हशी, एक पारडू आणि चार शेळ्या बसत नाहीत, आणि ऐन लावणीच्या दिवसांत गोठा वाऱ्यावर सोडून कोणी जात नाही. उद्या काही अघटित झालंच तर ‘नोटीस बजावली होती’ असं म्हणायची सोय मात्र सरकारकडे राहते.

यादीवरही किती भिस्त ठेवावी? २००५नंतर भूवैज्ञानिकांनी रायगडमधल्या दरडप्रवण गावांची पाहणी केली. तरी १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली, आणि ती यादीत नसल्याचं सरकारनेच सांगितलं. यादी करू नये असं नव्हे. पण ‘आमचं नाव यादीत नाही’ हा दिलासा ठरू लागला तर ती यादी घात करते.

डोंगर अगदीच न सांगता येतो असंही नाही. काळ्या पाषाणावर बसलेली तांबडी माती आणि कुजका मुरूम पाणी पीत राहतो; आत जागा उरली नाही की तो सगळा थर सुटतो. त्याआधी बांधाला भेग पडते, घराचं दार चौकटीत अडकू लागतं, झरा एकाएकी गढूळ होतो किंवा आटतो, सरळ झाड कलतं. ही लक्षणं वाडीतल्या म्हातारीला मुंबईतल्या कक्षाआधी दिसतात. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, दोन एसटी बस गेल्या, तेव्हा मागून येणारी वाहनं थोपवली ती कुठल्या यंत्रणेने नव्हे, पुलाशेजारच्या गॅरेजमधल्या माणसाने. (नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. मनात आलं की सरकार किती वेगाने काम करू शकतं, याचा तो दाखला.) पर्जन्यमापक मात्र महसूल मंडळाला एक. शेजारच्या घळीत काय कोसळतंय, ते त्याला कळत नाही. वाडीगणिक एक साधा पर्जन्यमापक, तो रोज वाचणारी वाडीतलीच दोन माणसं, आणि ठरावीक आकडा ओलांडला की कोणाला न विचारता वाडी रिकामी करण्याचा त्यांना अधिकार, यासाठी फार पैसा लागत नाही. अंदाज चुकून दहा रात्री फुकट गेल्या तर त्या दहा दिवसांची मजुरी सरकारने द्यावी. पंचनाम्यानंतर वाटल्या जाणाऱ्या रकमेपुढे ती किरकोळ आहे.

पुनर्वसनाचा अनुभव इथे आठवायलाच हवा. दासगावच्या दरडग्रस्तांनी पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काढली. हे पाहिलेला माणूस घर सोडताना दहादा विचार करणारच. त्याला अडाणी ठरवणं सोपं आहे, पण तो आडमुठेपणाने नव्हे, अनुभवाने बसून राहतो. तेव्हा वाडीपासून चालत जाता येईल अशा पक्क्या जागेवर, गोठा आणि चाऱ्यासकट, चार महिन्यांचा निवारा येत्या मेआधी बांधून द्यावा. तो बांधता येत नसेल, तर नोटीसही काढू नये.