ह्युएन त्संगचा परवाना आणि आमच्या पोराचा व्हिसा

ह्युएन त्संग भारतात आला तो विनापरवाना आला, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? सातव्या शतकात चीनच्या तांग राजवटीने प्रजेला सीमा ओलांडण्यास बंदी घातली होती. त्याने परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली. तरीही तो निघाला. त्याला पकडण्याचा हुकूम सीमेवर येऊन पोहोचला, तेव्हा तेथील एका बौद्ध अधिकाऱ्याने तो हुकूम त्याच्यासमोरच फाडून टाकला आणि त्याला वाटेला लावले. पुढे काओचांगच्या राजाने वाटखर्चाला सोने-चांदी दिली आणि वाटेवरच्या चोवीस राज्यांच्या राजांना पत्रे लिहून दिली. तेव्हा कुठे तो नालंदेला पोहोचला, आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि 645 साली 657 ग्रंथ घेऊन मायदेशी परतला.

एकाने वॉरंट फाडले, दुसऱ्याने पैसा आणि शिफारसपत्रे दिली. ही दोन माणसे नसती तर ह्युएन त्संग इतिहासात उरला असता काय?

ही गोष्ट आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या वस्तीतला एक तरुण. पाली विषयात एम.ए. झालेला, वडील एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त. त्याला चिनी भाषा शिकायला चीनला जायचे होते. लोक त्याला हसले. "चिनी शिकून काय मोबाईल विकणार?" असे आपल्याच एका पुढाऱ्याने विचारले. त्या पुढाऱ्याला हे ठाऊक नव्हते की अश्वघोषाच्या बुद्धचरिताचे अठ्ठावीस सर्ग होते, त्यांपैकी साधारण निम्मेच संस्कृतमध्ये उरले. पूर्ण काव्य चिनी आणि तिबेटी भाषांतरांमुळे टिकले. पाली निकायांशी ताडून पाहावेत असे चार आगम चिनीत आहेत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जिची दीक्षा सांगितली, त्या प्रकृती चांडालिकेच्या कथेची प्राचीन भाषांतरेही चिनीत आहेत. आपला वारसा या देशातून नष्ट झाला, तो परक्यांच्या भाषेत सुरक्षित राहिला. तो वाचायला आपण किती माणसे तयार केली? पुण्याचे पु. वि. बापट चिनी शिकले आणि विमुत्तिमग्ग हा चिनी भाषांतरात टिकलेला ग्रंथ विसुद्धिमग्गाशी ताडून त्यांनी 1937 साली पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या वस्त्यांतून असा एक तरी अभ्यासक का निघू नये?

चीनच्या विद्यार्थी व्हिसाचे कागद तसे मोजकेच आहेत. 180 दिवसांपर्यंतच्या शिक्षणाला एक्स-2 व्हिसा, त्याहून अधिक मुदतीसाठी एक्स-1. एक्स-1 साठी विद्यापीठाचे प्रवेशपत्र लागते आणि सोबत जेडब्ल्यू-202 नावाचा फॉर्म; चीन सरकारची शिष्यवृत्ती मिळाली असेल तर जेडब्ल्यू-201. वैद्यकीय तपासणीचा फॉर्म लागतो. चीनमध्ये उतरल्यावर तीस दिवसांच्या आत तेथील पोलीस खात्याकडे निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. यात कुठेही जात विचारत नाहीत. मग आमची पोरे अडतात कुठे? ती अडतात या फाईलच्या आधीच्या फाईलींवर.

या तरुणावर केस होती. 1 जानेवारी 2018 ला भीमा कोरेगाव येथे हल्ला झाला, 3 जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. हा तेव्हा कॉलेजात होता, रस्त्यावर उतरला. बेकायदा जमाव, दंगल अशी कलमे लागली, दोषारोपपत्रही दाखल झाले. पासपोर्ट कायदा 1967 च्या कलम 6(2)(फ) प्रमाणे फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र केंद्र सरकारच्या 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या न्यायालयात खटला आहे त्याने परदेशी जाण्याची परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो. मी अर्ज केला, परवानगी मिळाली, पासपोर्टही आला. आम्ही पेढे वाटले.

आणि तिथेच घात झाला. त्याच अधिसूचनेत असेही आहे की न्यायालयाच्या आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट फक्त एक वर्षाचा मिळतो. माझ्या अर्जात मुदत मागितलेली नव्हती. विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती येईपर्यंत पासपोर्टचे पाच महिने उरले होते. वर्षभराच्या शिक्षणाला पाच महिन्यांचा पासपोर्ट काय कामाचा? जागा गेली, वर्ष गेले. चूक विद्यापीठाची नव्हती, व्हिसा कार्यालयाचीही नव्हती. चूक माझी होती. वीस वर्षे काळा कोट घालणाऱ्या माझ्या एका ओळीच्या हलगर्जीपणाची किंमत त्या पोराने मोजली. तो मला एका शब्दाने बोलला नाही. वडील एवढेच म्हणाले, "वकीलसाहेब, पुढच्या वर्षी बघू." ते वाक्य मला अजून टोचते.

मग आम्ही मुळावर गेलो. बंदच्या केसेस मागे घेण्याच्या घोषणा सरकारने केल्या होत्या. पण घोषणा म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे! सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. आमच्या प्रकरणात तो अर्ज कुणी केलाच नव्हता. आठ महिने पाठपुरावा केला, संमती मिळाली, खटला संपला, दहा वर्षांचा पासपोर्ट आला. काही विद्यापीठे गुन्हा नसल्याचा दाखला मागतात, तीही अडचण सुटली. वकील बांधवांना माझी विनंती आहे, आपापल्या तालुक्यातील अशा केसेसची यादी काढा. नुसता एफआयआर असेल आणि न्यायालयाने दखल घेतलेली नसेल, तर तो 'प्रलंबित खटला' ठरत नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. हे माहीत नसल्यामुळे किती पोरे पासपोर्टचा अर्जच करीत नसतील!

दुसरी अडचण पैशाची. एका एजंटाने सल्ला दिला, उसने पैसे आठ दिवस खात्यात ठेवा, बँकेचा दाखला काढा, परत करा. मी साफ नकार दिला. खात्याचा सहा महिन्यांचा उतारा मागितला की ही लबाडी उघडी पडते. दोन शिक्षक, एक परिचारिका, एक बँक कर्मचारी आणि मी, अशा पाच जणांनी खर्चाची लेखी जबाबदारी घेतली आणि दरमहा त्याच्या वडिलांच्या खात्यात रक्कम भरली. 'तिथे जाऊन काम करीन, फी फेडीन' या भ्रमात कुणी राहू नये. विद्यापीठाच्या आणि पोलीस खात्याच्या परवानगीशिवाय तेथे विद्यार्थ्याला काम करता येत नाही.

तिसरी अडचण सरकारची. केंद्राची परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहे. एक वर्षाचा भाषा अभ्यासक्रम त्यात बसत नाही. त्यात 2022 मध्ये केंद्राने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच आपल्या योजनेतून वगळले. म्हणजे आमच्या मुलाने परदेशात जाऊन यंत्रे शिकावीत, स्वतःचा इतिहास शिकू नये! हा योगायोग समजायचा काय? पाली आणि बौद्ध अध्ययनाच्या विद्यार्थ्यांना चिनी व तिबेटी भाषेच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी राज्याच्या योजनेत दहा जागा तरी ठेवा, ही मागणी आपण सामाजिक न्याय विभागाकडे लावून धरली पाहिजे. तोपर्यंत चीन सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत, तैवानची हुआयू शिष्यवृत्तीही आहे. त्यांची माहिती विहाराच्या फलकावर लागली पाहिजे.

1913 मध्ये बाबासाहेब अमेरिकेला गेले तेव्हा सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती. परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला होता. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा स्वतःची बचत होती, शाहू महाराजांची मदत होती आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज होते. महामानवाच्याही मागे कुणीतरी उभे राहावे लागले. आणि आपण? जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेला जेवढे पैसे मोजतो, तेवढ्यात एका विद्यार्थ्याचे तिथले काही महिने निघतात. जयंती जरूर करा. पण ज्याने आयुष्यभर पुस्तके जमवली, त्याच्या जयंतीचा हिशेब पुस्तकाच्या भाषेतही द्या.

आमचा तरुण गेला. विमानतळावर त्याच्या वडिलांनी पासपोर्ट उघडून व्हिसावर बोट ठेवले आणि विचारले, "दिवसांच्या जागी शून्य का लिहिलंय?" एक्स-1 व्हिसावर तसेच असते, मुक्कामाची मुदत तिथल्या निवास परवान्यावर ठरते, असे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या पोराचा अर्ज केव्हा करायचा ते विचारले.

त्यांचा हा प्रश्न मी प्रत्येक विहाराच्या समितीला विचारतो आहे. हुकूम फाडणारा अधिकारी आपल्याला नको, कायद्याने केस सोडवणारा वकील हवा. सोने देणारा राजा नको, दरमहा पाचशे रुपये देणारी पन्नास माणसे हवीत. तुमच्या वस्तीत ती आहेत काय?

जयभीम!